केरबा सुतार आणि शाब्बासकीचं झाड

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना नोकऱ्या होत्या.

हसू नका. पूर्वी नव्हत्या. पूर्वी वाघ वाघ होता, हरीण हरीण होतं, आणि आपण काय करतो हे दोघांनाही कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मग एकदा दरबाराला वाटलं, की या कारभाराला शिस्त नाही. म्हणून हुद्दे आले. हुद्द्यांबरोबर शिधा आला. आणि शिध्यापाठोपाठ हुकूम आला, की ज्याला हुद्दा नाही त्याने रानातल्या कुठल्याही झाडाला तोंड, नख किंवा चोच लावायची नाही.

या जंगलाचं नाव खैरबन. तिथे केरबा नावाचा एक सुतार पक्षी राहत होता. डोक्यावर लाल तुरा, पाठ सोनेरी, मान जाड आणि स्वभाव सरळ. त्याचा हुद्दा होता वृक्षतपासनीस. सकाळी उठायचं, नेमून दिलेल्या झाडांवर जायचं, चोचीने ठोकायचं आणि कान लावायचा. मग दोनपैकी एक गोष्ट सांगायची. "चांगलं हाय." किंवा "पोकळ हाय." पोकळ झाडाखालून हत्तिणी आपली पिल्लं नेत नसत.

अकरा वर्षांत केरबाचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. त्यामुळे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जे झाड अंगावर पडलंच नाही, त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतं?

एके दिवशी साळुंकीबाई त्याच्याकडे आल्या. या दरबाराच्या प्राणिबळ खात्याच्या प्रमुख. आवाज गोड, डोळ्यांभोवती पिवळी कड, आणि वाईट बातमी चांगल्या शब्दांत सांगण्यात त्यांचा हातखंडा.

"केरबाजी, अभिनंदन!" साळुंकीबाई म्हणाल्या.

"कशापायी?"

"तुमच्या आयुष्यात एक नवा अध्याय सुरू होतोय. दरबाराने तुम्हाला झाडांपासून मोकळं केलंय."

केरबाला काही कळेना. त्याने शेजारच्या फांदीवर दोनदा ठोकून पाहिलं. गोंधळला की तो असंच करायचा.

"मोकळं म्हंजे?"

"म्हणजे उद्यापासून येऊ नका."

तपासणीचं काम आता वटवाघळांना दिलं होतं. वटवाघळं आधुनिक होती. ती झाडाला हातसुद्धा लावत नसत. लांबून ओरडत आणि परत आलेला आवाज ऐकत. त्यांचे प्रमुख लोंबकळेसाहेब तर एका चकरेत दोनशे झाडं तपासत, आणि दोनशेच्या दोनशे चांगली निघत. दरबार खूश होता. केरबाच्या वेळी दहातलं एक झाड पोकळ निघायचं. असा निराशावादी पक्षी नोकरीवर ठेवावाच कशाला, असं तिथे सगळ्यांचं मत पडलं.

केरबा घरी आला. घरी त्याची बायको गिरजा तीन अंड्यांवर बसली होती. बारा दिवसांनी पिल्लं बाहेर यायची होती. केरबाने झालं ते सांगितलं.

"शिधा बंद म्हंजे मुंग्या बंद?" गिरजाने विचारलं.

"बंद."

"झाडाला चोच लावायची बंद?"

"बंद."

"आन् पिल्लांच्या तोंडात काय घालायचं? तुमचा नवा अध्याय?"

गिरजाची जीभ केरबाच्या चोचीपेक्षा धारदार होती, आणि बहुतेक वेळा ती योग्य जागीच लागायची. बारा दिवसांत हुद्दा मिळवायचा, नाहीतर तीन पिल्लं उपाशी. एवढी साधी गोष्ट होती.

शेजारच्या झाडावर राघूशेठ नावाचा पोपट राहायचा. त्याची ढोली दोन वर्षांपूर्वी केरबानेच कोरून दिली होती. त्या ढोलीत बसून राघूशेठ आता 'स्वतःचं घर स्वतः कसं मिळवावं' यावर इतरांना मार्गदर्शन करत असे. त्याने केरबाची हकीकत ऐकली आणि मान वाकडी करून म्हणाला, "अरे, मग ओळखवृक्षावर जा की! आज सगळं जग तिथे आहे. तू अकरा वर्षं नुसती झाडं ठोकत बसलास, ओळखी केल्या नाहीस. चूक कुणाची?"

केरबाला वाटलं, चूक आपलीच असणार. गरजवंताला असं लगेच वाटतं.

आता हा ओळखवृक्ष काय, ते ऐका. तुमच्यापैकी कुणाची मोठी ताई भरदुपारी मोबाइलकडे बघत सुस्कारे टाकत असेल, तर ती त्याच झाडावर बसली आहे असं समजा. पण आपण जंगलातच राहू. तिथली हवा जरा बरी आहे.

जंगलाच्या मधोमध एक प्रचंड जुना बेहडा होता. दरबाराने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. हुद्दा असो वा नसो, या झाडावर कुणीही यावं. येताना पळसाचं एक पान आणावं, त्यावर काट्याने आपलं नाव आणि आपले गुण कोरावेत आणि ते फांदीला टांगावं. नोकरी देणारे येतात, पानं वाचतात आणि योग्य प्राण्याला बोलावून नेतात, असं सगळे सांगत. नेलेला प्राणी मात्र कुणी पाहिला नव्हता. पण प्रत्येकाच्या ओळखीत असा एकजण होता, ज्याच्या ओळखीतल्या एकाला नेलं होतं.

कुणाचं पान आवडलं, तर त्या पानाखाली झाडावर एकदा ठोकायचं. एक टकटक म्हणजे एक शाब्बास. हे शाब्बास मोजायला एक सरडा नेमला होता. दर टकटकीला तो एकदा मान डोलवायचा आणि आकडा लक्षात ठेवायचा. खरं तर तो आधीपासूनच दिवसभर मान डोलवायचा. आता त्याला त्याचा हुद्दा मिळाला.

केरबा पहिल्या दिवशी झाडावर गेला आणि पानं वाचून चक्रावला.

कोकिळेच्या पानावर लिहिलं होतं, 'मुलं वाढवण्यासारखी मोठी जबाबदारी योग्य पक्ष्यावर सोपवणारं नेतृत्व.' बगळ्याने लिहिलं होतं, 'एका पायावर एकाग्रतेचा पंधरा वर्षांचा अनुभव.' अजगराचं पान सगळ्यांत लांब होतं. 'गेल्या महिन्यात एक आख्खं भेकर सामावून घेतलं. सध्या आतली घडी बसवण्याचं काम चालू आहे. भेकराच्या योगदानाबद्दल कृतज्ञ.'

त्याखाली भेकराच्या सख्ख्या भावाने ठोकलं होतं. न ठोकलं तर बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणखी एक रीत होती. ज्याला आपली ओळख हवी, त्याच्याकडे निरोप पाठवायचा. हरणीला तरसाकडून रोज निरोप यायचा. 'आपलं कार्यक्षेत्र एकच आहे. भेटू या का?' हरणी भली होती. ती प्रत्येक वेळी लिहायची, 'नक्की, पुढच्या आठवड्यात.'

केरबाने आपलं पान कोरलं. 'केरबा सुतार. झाडं ठोकून बघतो. पोकळ असेल तर सांगतो.'

राघूशेठने ते पाहिलं आणि कपाळाला पंख लावला. "एवढंच?"

"एवढंच करतो मी."

"तू काय करतोस हे कुणी विचारलंय? तू कोण आहेस ते लिही!" असं म्हणून त्याने नवं पान घेतलं आणि भराभर कोरून दिलं. 'वृक्षांच्या अंतरंगाशी संवाद साधणारा ध्वनिसाधक. प्रत्येक आघातातून शिकणारा. पोकळीत शक्यता पाहणारा.'

केरबाने ते दोनदा वाचलं. "ह्यो कोन?"

"तू."

"मी ह्याला कवा बघितला न्हाई," केरबा म्हणाला. पण राघूशेठला चार अक्षरं जास्त येत होती, म्हणून त्याने पान टांगलं.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. केरबाच्या पानाखाली एकदाच टकटक झाली. ती चुकून झाली होती. खारीला वरच्या फांदीवर जायचं होतं आणि तिची बी हातातून निसटली होती. सरड्याने तरीही मान डोलवली.

चौथ्या दिवशी केरबाला चक्कर यायला लागली. तीन दिवस पोटात काही नव्हतं. जे होतं ते घरी गिरजाला दिलं होतं. रानातल्या कुठल्याच झाडाला चोच लावायची सोय नव्हती. तो खोडाला टेकून बसला आणि त्याचा कान आपोआप खोडाला लागला.

आतून आवाज येत होता. कुरकुर, कुरकुर. कुणीतरी निवांत बसून लाकूड खात होतं.

मुलांनो, तुम्हाला त्या आवाजाने काही होणार नाही. पण सुतार पक्ष्याला तो आवाज म्हणजे स्वयंपाकघरातली फोडणी. पांढऱ्याशुभ्र गुबगुबीत अळ्या, आणि त्याही शेकड्यांनी. आणि हे झाड तर सगळ्यांना खुलं होतं! केरबाने मान मागे घेतली आणि ठोकायला सुरुवात केली. सुतार पक्षी एका दमात किती वेळा ठोकतो, माहीत आहे? तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत वीस वेळा.

नेमकं तिथेच, वरच्या बाजूला, कोकिळेचं पान टांगलेलं होतं.

सरड्याची मान डोलू लागली. आधी हळू, मग जोरात, मग इतक्या जोरात की ती नुसती एक धूसर रेघ दिसायला लागली. दुपारपर्यंत कोकिळेच्या नावावर चारशे शाब्बास जमा झाले होते आणि सरड्याच्या मानेला लचक भरली होती. त्यावर पानांचा पट्टा बांधावा लागला.

कोकिळा धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "केरबाजी! आजवर माझ्या नेतृत्वाला इतकं कुणी ओळखलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलांनीसुद्धा नाही."

केरबाच्या तोंडात अळी होती. तो काही बोलला नाही. सगळ्यांना वाटलं, काय हा विनय!

तिने परतफेड म्हणून केरबाच्या पानाखाली ठोकलं. तिचं बघून बगळ्याने ठोकलं. आणि मग सगळ्या झाडावर बातमी पसरली, की या केरबासारखा मोठ्या मनाचा प्राणी दुसरा नाही. दुसऱ्याचं कौतुक करावं ते त्याने. दुसऱ्या दिवशी तो अळ्यांच्या मागे फिरत बगळ्याच्या पानाखाली गेला. बगळ्याला सहाशे मिळाले. अजगराचं पान नेमकं सगळ्यांत कुजक्या फांदीवर होतं. त्याला बाराशे मिळाले, आणि तेव्हापासून अजगर कुणाशी बोलेनासा झाला.

केरबा रोज संध्याकाळी चोच भरून घरी जायचा.

"लागली का नोकरी?" गिरजाने विचारलं.

"न्हाई."

"मग ह्या अळ्या?"

"त्या झाडावर लई हायेत."

"मग नोकरी कशाला पायजे? जावा की रोज."

केरबा उदास होऊन म्हणाला, "अगं, एवढ्या अळ्या हायेत म्हंजे झाड आतून खाऊन चाललंय. आज न उद्या पडंल ते. पडलं की अळ्या गेल्या. मग?"

गिरजाने अंडी पिसांखाली नीट ओढून घेतली. आठ दिवस उलटून गेले होते. चार राहिले होते.

नवव्या दिवशी साळुंकीबाईंचं बोलावणं आलं. त्या ओळखवृक्षाच्याच शेंड्याजवळच्या सरकारी ढोलीत राहायच्या. तो अंग साफ करून, तुरा नीट करून वर गेला.

"केरबाजी, मी तुमचं पान वाचलं," साळुंकीबाई म्हणाल्या. "'पोकळीत शक्यता पाहणारा.' वा! आणि शाब्बास तर झाडावर सगळ्यांत जास्त तुम्हीच दिलेत. दरबाराला तुमचा सन्मान करायचा आहे. आजपासून तुम्ही 'मानद शाब्बासकार'."

केरबाला फार आनंद झाला. "हुद्दा हाय ना ह्यो? म्हंजे शिधा चालू?"

"मानद हुद्द्याला शिधा नसतो."

"मग रानातल्या झाडाला चोच तरी लावता येईल?"

साळुंकीबाईंनी क्षणभर विचार केला. "मानद चोच लावा. म्हणजे जवळ न्या, पण टेकवू नका."

केरबा खाली आला. त्याला राग आला होता. खूप आला होता. पण राग कुठे काढायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे खोडावर ठोकलं. अळीसाठी नाही, असंच.

आणि तो चमकला. आवाज बदलला होता. पाच दिवसांपूर्वी खोड 'ठक' म्हणत होतं. आज ते 'ढब' म्हणालं. केरबा मुळापासून शेंड्यापर्यंत ठोकत गेला. सगळीकडे ढब. आतमध्ये झाड उरलंच नव्हतं. उरली होती ती साल, आणि सालीवर टांगलेली पानं.

मुलांनो, खरं सांगतो, त्या क्षणी तो गुपचूप घरी गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण अकरा वर्षांची सवय वाईट. त्याने राघूशेठला न विचारता नवं पान घेतलं आणि स्वतःच्या चोचीने कोरलं.

'हे झाड पोकळ आहे. दोन दिवसांत पडेल. खाली उतरा.'

ते त्याने सगळ्यांना दिसेल अशा जागी टांगलं आणि ओरडून सगळ्यांना गोळा केलं.

प्राणी जमले. पान वाचलं. केरबाला वाटलं, आता उतरतील.

"किती खोल!" बगळा म्हणाला.

"खाली उतरा," कोकिळा स्वतःशीच पुटपुटली. "खरंच, आपण सगळेच किती वर चढून बसलोय. नम्रता हवी. आजच मी यावर लिहिणार."

"अहो, लिवू नका, उतरा!" केरबा ओरडला. "झाड पडणार हाय!"

"आपण सगळेच कधी ना कधी पडतो," राघूशेठ म्हणाला. "पण केरबासारखं ते उघडपणे कबूल करायला धैर्य लागतं. याला शाब्बास दिलंच पाहिजे."

आणि त्याने ठोकलं. मग बगळ्याने ठोकलं. मग सगळ्यांनी. असं पान ओळखवृक्षाच्या इतिहासात झालं नव्हतं. ते पान वाचायला लांबलांबून प्राणी यायला लागले. दुसरा दिवस सबंध टकटकीत गेला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे अकराव्या दिवशी, अस्वल आलं. अस्वलाला वाचता येत नव्हतं. त्याने नुसतं विचारलं, "इथेच ठोकायचं ना?" आणि मनापासून, दोन्ही हातांनी, कौतुक केलं.

झाड पडलं.

घाबरू नका, कुणी मेलं नाही. बेहडा सावकाश, कुरकुरत कलला. उडणारे उडाले, उड्या मारणाऱ्यांनी उड्या मारल्या. अजगर तेवढा जरा चपटा झाला. त्याने नंतर सांगितलं, की ते त्याने स्वतःहूनच केलं.

धुरळा खाली बसला. खोड मधोमध फुटलं होतं, आणि त्यातून भरदुपारच्या उन्हात, डोळे मिचकावत, दीडशे वटवाघळं बाहेर पडली. सगळ्यांच्या शेवटी लोंबकळेसाहेब आले. झाडं तपासणारं सबंध खातं त्या पोकळीतच राहत होतं.

"तुम्हाला कळलं नाही?" साळुंकीबाई किंचाळल्या. त्यांची ढोली गेली होती आणि शेपटीची दोन पिसं वाकडी झाली होती.

"आतून सगळं ठीक वाटत होतं," लोंबकळेसाहेब म्हणाले.

राघूशेठने तेवढ्यात 'पडण्याने मला काय शिकवलं' असं पान कोरूनही टाकलं होतं. पण ते टांगायला झाड नव्हतं. म्हणून तो ते चोचीत धरून बसला, आणि त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्याला काही बोलता आलं नाही. जंगलाला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मग कुणाला तरी आठवण झाली. सगळ्यांत जास्त ठोकलं कोणी? सगळ्यांनी सरड्याकडे पाहिलं. सरड्याने केरबाकडे पाहिलं.

केरबा पुढे आला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "मी ठोकलं. पर झाड आधीच पोकळ व्हतं. मी नुसत्या अळ्या काढत व्हतो. भूक लागली व्हती मला."

जमावात कुजबूज झाली.

"म्हणजे," कोकिळा हळूच म्हणाली, "ते चारशे... शाब्बास नव्हते?"

"न्हाई बाई. अळ्या व्हत्या."

झाड पडलं तेव्हा कुणी रडलं नव्हतं. आता रडले. बगळ्याने दुसरा पायही खाली टेकवला. अजगराने बाराशेचा आकडा पुन्हा पुन्हा विचारला आणि तोंड फिरवलं. झाड पाडल्याबद्दल त्यांनी केरबाला एका क्षणात माफ केलं असतं, पण हे फार झालं. एकेक करून सगळे निघून गेले. केरबा एकटा उरला.

एकटा म्हणजे, साळुंकीबाई होत्या. त्या इकडेतिकडे बघत जवळ आल्या.

"केरबाजी, एक विचारायचं होतं. मला आज संध्याकाळच्या आत राहायला जागा शोधायची आहे. तीनचार झाडं मी बघून ठेवली आहेत. तर तुम्ही जरा ते... तुमचं ते..."

"काय?"

"ते ठोकून सांगता का?"

केरबा त्यांच्याबरोबर गेला. पहिल्या झाडावर ठोकलं. "पोकळ हाय." दुसऱ्यावर ठोकलं. "पोकळ हाय." तिसऱ्यावर बराच वेळ कान लावून बसला. "चांगलं हाय. पर बुंध्याशी नागाचं बीळ हाय." मग चौथ्यावर ठोकलं. "ह्यावर राहा."

साळुंकीबाई थक्क झाल्या. "किती वर्षं करताय हे?"

"अकरा."

"मग सांगितलं का नाही?"

"पानावर लिवलं व्हतं."

"ते मी वाचलं होतं. त्यात हे कुठेच नव्हतं," साळुंकीबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, "वटवाघळांचं मी आत्ताच अभिनंदन करून आले. त्यांचा नवा अध्याय सुरू झालाय. वृक्षतपासनीसाची जागा रिकामी आहे. रीतसर अर्ज करा. पान टांगा, म्हणजे..."

"कुठं टांगू?"

दोघांनी आडव्या पडलेल्या बेहड्याकडे पाहिलं.

"राहू दे," साळुंकीबाई म्हणाल्या. "उद्यापासून या."

बाराव्या दिवशी सकाळी अंडी फुटली. आत तीन पिल्लं होती. पिल्लं कसली, तीन उघडी तोंडं होती. केरबा मुंग्यांचा शिधा घेऊन आला आणि एकेका तोंडात घालत गेला. गिरजा त्या दिवशी त्याला काहीच टोचून बोलली नाही. उलट तिला रडू फुटलं, आणि ते लपवायला ती ढोलीतल्या भुश्शात उगाच काहीतरी शोधत बसली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आठवड्याभराने दरबाराने केरबाला पहिलं मोठं काम सांगितलं, नव्या ओळखवृक्षासाठी झाड निवडायचं.

दोन झाडं होती. एक साग. केरबाने ठोकलं. ठणठणीत, शंभर वर्षं हलणार नाही असा. कान लावला. आत शुकशुकाट. एक अळी नाही. दुसरा पांगारा. ठोकला. ढब. आतमध्ये कुरकुर, कुरकुर.

पांगाऱ्याच्या खालच्या फांदीला लोंबकळेसाहेब लटकले होते. हातात पळसाचं पान होतं. पंखांची कातडी सैल पडली होती. खातं बंद झाल्यापासून पोटात काही गेलं नसावं.

"नवं झाड कुठलं ठरतंय?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "पहिल्याच दिवशी पान टांगावं म्हणतो. काय लिहू, काही सुचवता का?"

याच प्राण्यामुळे केरबा उपाशी राहिला होता. त्याला भेटल्यावर काय काय सुनवायचं, ते गिरजाने केरबाकडून दोनदा पाठ करून घेतलं होतं. पहिलं वाक्य त्याच्या चोचीपर्यंत आलंही. पण सैल पडलेले ते पंख त्याने पाहिले आणि ते वाक्य परत गेलं.

त्याने साळुंकीबाईंना सांगितलं, "पांगारा घ्या."

"चांगला आहे?"

"पोकळ हाय. दोन पावसाळे काढंल. पर खाली कुणी उभं राहू नये."

"खाली कोण उभं राहतं? सगळे वरच चढतात," असं म्हणून साळुंकीबाईंनी शिक्का मारला.

केरबा लोंबकळेसाहेबांजवळ गेला. खोडाला कान लावून त्याने एक जागा निवडली, आणि ठोकून ठोकून तिथे वटवाघळाचं डोकं आत जाईल एवढं भोक पाडून दिलं.

"पान हितं टांगा," तो म्हणाला. "आत अळ्या लई हायेत."

"आणि नोकरी?"

"ती हितं न्हाई मिळायची, साहेब. तुम्ही आधी खाऊन घ्या."

पलीकडे सरडा मानेला पट्टा बांधून कामावर हजर झाला होता. त्याने केरबाची एकूणएक ठोक मोजली आणि लोंबकळेसाहेबांच्या कोऱ्या पानावर दोनशे दहा शाब्बास मांडले. लोंबकळेसाहेबांचं तोंड अळ्यांनी भरलेलं होतं, तरी त्यांना हुंदका आलाच.

तात्पर्य: ओळखवृक्ष नेहमी पोकळच निवडावा, कारण भरीव झाडावर बेकाराने खायचं काय? रोज तासभर तिथे जावं, पोटापुरतं ठोकावं, आणि कुणी त्याला शाब्बासकी समजलं तर समजू द्यावं. नोकरीच हवी असेल, तर मात्र ते झाड पडण्याची वाट बघावी.